एका मापाचं बूच

दादांशी, म्हणजे माझ्या वडिलांशी, मी मनापासून शेवटचं बोलले ते नववीत असताना. त्यानंतर ते चाळीसहून जास्त वर्षं जगले आणि तेवढी सगळी वर्षं मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. नातेवाईक म्हणतात, सुजाता पहिल्यापासून फटकळ. आहेच मी फटकळ, नाही कोण म्हणतं. पण आमच्या घरातल्या अबोल्याला माझा स्वभाव कारण नव्हता. कारण होतं एक लाकडी बूच, अंगठ्याच्या पेराएवढं. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं, कारण पुढं हसण्यासारखं फारसं काही नाही.

आम्ही गंगाखेडात राहायचो. दोन खोल्या, मागं पत्र्याची न्हाणी, पुढं एक ओटा. दादा जिंतूरच्या पलीकडं, चारठाण्याकडच्या एका खेड्यात शाळामास्तर होते. सात वर्षं तिथंच. शनिवारची अर्धी शाळा सुटली की दोन एसट्या बदलत ते संध्याकाळी घरी यायचे आणि सोमवारी झुंजूमुंजू व्हायच्या आत परत निघायचे. त्यामुळं आमच्या घराचा आठवडा शनिवारपासून सुरू व्हायचा. माय शिवणकाम करायची. दिवसभर तिच्या मशीनची खडखड आणि गल्लीच्या टोकाच्या गिरणीची टुकटुक, या दोन आवाजांत मी अभ्यास केला. शनिवारी मात्र चारनंतर मशीन बंद. मग ती चुरमुरे भिजवून सुशीला करायची, दादांना आवडायचा म्हणून, वर भरपूर शेंगदाणे आणि हिरवी मिरची. एसटीचा हॉर्न ऐकू आला की फोडणी टाकायची. रविवारी सकाळी पांढरे कपडे घालून आम्ही तिघं वंदना म्हणायचो आणि वंदना संपता संपता मायचं पुटपुटणं सुरू व्हायचं, "यंदा तरी बदली व्हावी." सोमवारी डब्यात धपाटे बांधून देताना पुन्हा तेच. आमच्या घरात देवाला मागणं मागायची पद्धत नव्हती, त्यामुळं ते मागणं भिंतीला, डब्याला, मशीनला, सगळ्यांना ऐकावं लागायचं. मी तेव्हा त्याला कंटाळले होते. आता वाटतं, जिला सात वर्षं रोज संध्याकाळी एकटीनं दाराला कडी लावावी लागली, तिनं दुसरं काय बोलावं?

दादांच्या हाताला कसब होतं. त्यांनी त्यांच्या शाळेत पोरांना रबरावर उडणारी विमानं करायला शिकवलं आणि रविवारी ते मला शिकवलं. मोडक्या टोपल्यांच्या बांबूच्या कामट्या तासायच्या, त्यांची चौकोनी लांबट पेटी करायची, वरून पतंगाचा कागद खळीनं चिकटवायचा. आत गलोलीचं रबर, शेपटीकडं एका खिळ्यात अडकवलेलं, पुढं पंख्याच्या तारेला. पंखा पांगाऱ्याच्या लाकडाचा, कारण पांगारा हलका. रबराला पीळ द्यायचा, सोडायचं, पीळ सुटेल तसा पंखा फिरतो आणि विमान जातं. ऐकायला सोपं आहे. पण बोटानं पंखा फिरवून पीळ देत बसलं तर शंभरएक पीळ बसतात आणि विमान ओट्यावरून अंगणात उतरतं, झालं. खरं उडायला पाहिजे असेल तर रबर बाहेर काढून हातभर, दोन हात ताणायचं आणि ताणलेल्या रबराला गिरमिटानं पीळ देत देत जवळ यायचं. त्यासाठी विमानाचं तोंड निघायला पाहिजे. पंखा, त्याची तार, पुढचा लाकडी ठोकळा, सगळं एकत्र बाहेर आलं पाहिजे आणि पीळ देऊन झाला की परत जागेवर घट्ट बसलं पाहिजे. बाटलीला बसतं तसं. म्हणून आम्ही त्याला बूच म्हणायचो.

विमान उडायचं की पडायचं ते त्या बुचावर ठरतं. ते गोल केलं तर पिळाच्या जोरानं तेच फिरतं, म्हणून मागची खुंटी चौकोनी. घट्ट केलं तर काढताना कामट्या मोडतात, सैल केलं तर रबर ढिलं पडल्याबरोबर हवेतच निसटून लोंबायला लागतं. मी त्याला दोन्ही बाजूंनी बाभळीचे काटे ठोकले, विमानाच्या पेटीलाही दोन काटे, आणि काट्याला काटा बारक्या रबरानं बांधून टाकला. पंखा आणि बूच एकमेकांना घासू नयेत म्हणून मधे मायच्या जुन्या पोतीतला एक लाल मणी. दादा शेपटीकडून धरायचे, मी गिरमिट घेऊन गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, वाळूत मागं मागं सरकायचे आणि मग मोठ्यानं पीळ मोजत जवळ यायचे. वाळूत विमान पडलं तरी मोडत नाही. दादांचा एकच आग्रह होता, बुचाचं भोक सगळ्यांनी एका मापाचं ठेवायचं. "एकाचं मोडलं तर दुसऱ्याचं लागलं पायजे. खेळ थांबाया नको," म्हणायचे. त्यांनी पत्र्याचा एक तुकडा कापून दिला होता, भोक त्या मापाचं. मी तो शाळेत नेला आणि ते माप सगळ्या वर्गाला वाटलं. लय मोठेपणा वाटायचा मला त्याचा. घरी आल्यावर मायला ऐकवायचे, "माय, आमची बुचं सगळी एका मापाची असत्यात. कुणाचं बी कुणाला बसतं." माय मशीनवर वाकलेली, "बरं हाय की," म्हणायची.

हे अर्धंच खरं होतं. विमान नुसतं उडत नाही, पीळ भरपूर असला की ते तोंड वर करून चढतं, थबकतं आणि पाठीवर पडतं. त्यावर मला एक उपाय सापडला होता. काडीपेटीतल्या काडीची चपटी सालं काढायची आणि बुचाच्या वरच्या कडेला एक, डाव्या कडेला एक, अशी चिकटवायची. मग बूच किंचित खाली आणि उजवीकडं बघत बसतं आणि विमान मोठाल्या वेढ्यांनी घारीसारखं चढत जातं. पंधरा-वीस रविवार घालवून मला ते जमलं. हे मी कुणाला सांगितलं नाही. माप वाटलं, साल नाही वाटलं. माझा मोठेपणा एवढाच होता, हे आज लिहून टाकते.

त्या वर्षी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात विमानांची शर्यत ठेवली. ज्याचं विमान जास्त वेळ हवेत, त्याची निवड परभणीला, आणि तिथं निभावलं की पुढं औरंगाबाद. मला विमानं करायची होती. नुसती कागदाची नव्हे, खरीखुरी. हे कुठं शिकवतात, त्याला काय लागतं, मला काडीची माहिती नव्हती. पण विज्ञानाचे सर म्हणाले होते, "औरंगाबादला मोठमोठे लोक येतात बघायला, तू नुसती तिथपर्यंत जा." तेवढं पुरे होतं. चार महिने मी दुसरा विचार केला नाही. आमच्याच वर्गात मुकुंद होता. त्याचे वडील शिक्षण खात्यात साहेब. मास्तरांच्या बदल्यांचे कागद त्यांच्या टेबलावरून जातात, असं आमच्या घरात म्हणत. मुकुंद पोरगा वाईट नव्हता, हाताचा मात्र अडाणी. बूच तासून तासून त्यानं ढिलं केलेलं, काटे मोडलेले, रबराला एरंडेल लावायचं म्हणून अख्ख्या विमानाला चोपडलेलं. त्याचं विमान चढायचं आणि धपकन पडायचं. त्याच्या आईचे झंपर माय शिवायची. द्यायला गेली की तिला बाहेरच्या पायरीवर बसवायचे आणि कान तुटलेल्या कपात चहा द्यायचे. तो कप खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. मी एकदा तिच्याबरोबर गेले होते. माझ्यासाठीही तोच कप आला, तिचा पिऊन झाल्यावर. मी प्यायले नाही, तर घरी येऊन मार खाल्ला.

शर्यत रविवारी होती. शनिवारी संध्याकाळी दादा आले, सुशीला तसाच ठेवून आम्ही वाळवंटात गेलो. विमानानं असे काही वेढे घेतले की नदीवर धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून बघत राहिल्या. दादा म्हणाले, "सुजा, आता ह्याला हात लावू नको. असंच ऱ्हाऊ दे." सकाळी मी न्हाऊन आले तर मायनं विमान जुन्या धोतरात गुंडाळून, गाठ मारून ठेवलं होतं. "धूळ बसंल म्हून बांधलंय, तिथं जाऊनच सोड," म्हणाली. दादा दाढी करायला न्हाव्याकडं गेले होते. चांगला तासभर लावून आले. न्हाव्याचं दुकान साहेबांच्या घराच्या रस्त्यावर होतं, हे मला नंतर आठवलं आणि मग आयुष्यभर विसरता आलं नाही.

शाळेच्या मैदानावर मांडव. साहेब मधल्या खुर्चीत, गळ्यात हार. बायकांच्या घोळक्यात माय उभी होती, ती पहिल्यांदाच शाळेत आली होती. माझं नाव पुकारलं, मी गाठ सोडली आणि बघते तर बूच माझं नाही. काटे नाहीत, मणी नाही, कडांना साल नाही, आणि हाताला एरंडेलाचा चिकटा. मी पलीकडं बघितलं. मुकुंदच्या विमानाच्या तोंडाशी लाल मणी होता. मी ओरडलेच, "सर, हे बूच माझं न्हाई! माझं मुकुंदच्या इमानाला हाय!" सरांनी आधी साहेबांकडं बघितलं, मग गर्दीत दादांकडं. "गुरुजी, जरा या इकडं." दादा आले. बूच हातात घेतलं, फिरवून बघितलं. मुकुंदचं विमान बघितलं. मग मान वळवून बायकांच्या घोळक्याकडं बघितलं. मी वाट बघत होते. माझ्यासाठी ते साहेबांशी भांडतील असं मला वाटत नव्हतं, मला फक्त 'पोरगी खरं बोलायलीय' एवढं ऐकायचं होतं.

"तुझंच हाय ते," दादा म्हणाले.

"दादा, तुमी कालच..."

"सगळी एका मापाची असत्यात. उडव आता, लोक खोळंबल्यात."

आणि ते शेपटी धरायला खाली बसले. मी गिरमिट घेतलं. माझे डोळे भरून आले होते, पीळ किती झाले ते मोजलं नाही. विमान सुटलं, तोंड वर करून सरळ चढलं, थबकलं, रबर ढिलं झालं, आणि बूच निसटून रबराला लोंबायला लागलं. कोंबडी मुरगाळून धरल्यासारखं दिसत होतं. पोरं खो-खो हसली. विमान खुर्च्यांच्या पुढ्यात येऊन आपटलं, साहेबांनी पाय मागं घेतले. नंतर मुकुंदचं विमान गेलं. लिंबाच्या शेंड्याच्या वर गेलं, चार वेढे घेतले, पाचवा घेतला. टाळ्या वाजत होत्या. मुकुंद माझ्याकडं बघत नव्हता, विमानाकडंही बघत नव्हता.

मी गंगेवर जाऊन बसले आणि ऊन उतरल्यावर घरी आले. माय मशीनवर होती, दादा ओट्यावर. मी उभ्या उभ्याच विचारलं, "दादा, सकाळी तुमीच नेऊन दिलं ना ते?" मशीन थांबलं. दादांनी आधी मशीनकडं बघितलं. मग म्हणाले, "व्हय. मीच दिलं. साहेबाला नाराज करून आपलं भागत न्हाई, बाई." एवढंच. माफी नाही, समजावणं नाही. मी विमान चुलीत घातलं. कागद भस्सकन पेटला, कामट्या तडतडल्या. कुणी मला अडवलं नाही. मशीन परत सुरू झालं.

जूनमध्ये दादांची बदली झाली, गंगाखेडलाच. त्या विमानामुळं झाली की सात वर्षं भरली म्हणून झाली, देव जाणे. मायनं पेढे वाटले. मी पेढा खाल्ला नाही. आता दादा रोज संध्याकाळी घरी असायचे. रोज विचारायचे, "सुजा, अभ्यास झाला का?" मी "झाला" म्हणायचे. एकदा त्यांनी पांगाऱ्याचा चांगला सुकलेला ओंडका आणून माझ्या वह्यांशेजारी ठेवला. मी तो उचलून सरपणात टाकला, ते बघत असताना. दुसऱ्यांदा त्यांनी आणला नाही. मी डी.एड. केलं, मास्तरीण झाले, पालमला नोकरी केली. लग्न, पोरंबाळं, सगळं वेळच्या वेळी झालं. दिवाळीला यायचे तेव्हा स्वयंपाकघरात मायजवळ बसायचे. सगळी गुपितं, सासूच्या कागाळ्या, पगाराचे बेत, सगळं तिला सांगायचे. दादा बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसलेले असायचे, पान न उलटता. शेवटच्या आजारात मी त्यांची सेवा केली. कुणी बोट दाखवू नये अशी केली. औषध, पाणी, अंथरूण. पण बोलले नाही. त्यांनी एकदा माझं मनगट धरलं होतं, मला वाटलं पाणी पाहिजे, मी पाणी दिलं. त्यांनी दोन घोट घेतले आणि हात सोडला.

ते गेले त्यालाही आता आठ वर्षं होतील. गेल्या महिन्यात मायच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. ती माझ्याकडेच असते. डोळ्याला पट्टी, त्यामुळं दिवसभर नुसती बडबड. जुन्या गिऱ्हाइकांचे झंपर तिला मापासकट आठवतात. त्यात साहेबांच्या बायकोचा विषय निघाला. मी म्हटलं, "त्या घराचं नाव काढू नको. दादा तिथं जाऊन माझं बूच देऊन आले, ते मी मरेपर्यंत विसरायची नाही."

"तुज्या दादांनी कुठं दिलं?" माय म्हणाली. "म्या दिलं की."

मी हातातली परडी खाली ठेवली.

"झंपर द्यायला गेलते. पोरगं रडायलं होतं, इमान उडंना म्हून. बाईसाहेब म्हणल्या, उद्या एवढ्या माणसांत साहेबाची इज्जत जाती बघा. म्या म्हणलं, द्या ते बूच हिकडं, सकाळी चांगलं आणून देते. तूच म्हणायचीस ना गं, सगळी एका मापाची असत्यात म्हून? मला वाटलं, ह्याचं त्याला, त्याचं ह्याला, काय फरक पडतोय. दोघांची बी उडत्याल. तू न्हाणीत व्हतीस, दादा न्हाव्याकडं. बदलून टाकलं अन् पळत जाऊन दिऊन आले. तुज्या दादांनी तिथं पटांगणातच वळकलं. घरी येऊन मला लय बोलले. लग्नापासून कदी आवाज चढिवला नव्हता, त्या दिवशी चढिवला. तू गंगेवर व्हतीस."

"मग त्यांनी 'मीच दिलं' का म्हणलं?"

"त्यांचंच म्हणणं. म्हणले, पोरीला सांगू नगं. माज्यावर ऱ्हाऊ दे. मी काय, शनवारचा पाव्हणा. माज्यासंगट न्हाई बोलली तरी चालंल तिला. तुज्यासंगट रोज भाकर खायाची हाय." माय जरा थांबली. "फुडं बदली झाली तवा मी म्हणलं, आता सांगू का? तर न्हाई म्हणले. म्हणले, निवळंल पोरगी. पर तू काय निवळली न्हाईस बाई."

डोळ्यात औषध घालायची वेळ झाली होती. मी पट्टी सोडली, थेंब घातले. दोन थेंब गालावर ओघळले. "नीट घाल की," ती म्हणाली. तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. पन्नास वर्षांपूर्वी एक लाकडाचा तुकडा इकडचा तिकडं केला, नवरा रागावला, मिटलं. मला मात्र गळा काढून रडावंसं वाटत होतं, तिला दोन शब्द सुनावावेसे वाटत होते, आणि दादांनी धरलेलं माझं ते मनगट आता आगीसारखं जळत होतं.

त्या रात्री मी तिच्याशी बोलले नाही. ती जेवताना दोनदा "सुजे" म्हणाली, मी उत्तर दिलं नाही. या कामात माझा हात चांगला बसलेला आहे. सकाळी मात्र तिला चहा नेऊन दिला, खाटेवर शेजारी बसले आणि रोजच्यासारखी बोलायला लागले. तिच्याशी माझं बोलणं टिकावं म्हणून तो माणूस मरेपर्यंत स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा राहिला होता. ते वाया घालवायची माझी छाती झाली नाही.